एवढा परिच्छेद होऊ दे

३ जून, मंगळवार

भुंग्या,

आशीर्वाद आहेतच. ते तू घेतोस की नाही, हा तुझा प्रश्न. हे माझं पाचवं पत्र. आधीच्या चारांना तुझ्याकडून एक ओळ नाही.

काल वकीलबाई तुरुंगात तुला भेटून आल्या. अपिलाचे कागद पुढे ठेवले तर तू म्हणे पेनला हातही लावला नाहीस. वर निरोप काय दिलास, तर ‘चार वर्षं बरी आहेत, बाबांना सांगा राहू द्या.’ बरी आहेत? अरे, भाड्याची खोली आहे का ती, पाहून बरी आहे म्हणायला? चार वर्षं आहेत ती, आणि तुझ्या आईचं वय काय झालंय याचा तरी विचार कर.

तुला वाटत असेल, म्हाताऱ्याला निवृत्तीनंतर उद्योग नाही म्हणून कागद रंगवतोय. बाबा रे, मी मोठ्या कोर्टात शिक्षेच्या अपिलांच्या शाखेत चौतीस वर्षं टंकलेखक होतो. साहेब बोलायचे, मी बडवायचो. तिथे सगळं एकाच गोष्टीवर अडतं. खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फारच जास्त आहे का, किंवा फारच कमी आहे का? थोडीफार इकडेतिकडे असेल तर वरचं कोर्ट बोटसुद्धा लावत नाही. ‘आम्ही असतो तर कदाचित वेगळी शिक्षा दिली असती, परंतु तेवढ्याने खालच्या न्यायालयाची चूक झाली असे म्हणता येत नाही.’ हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की आता डोळे मिटून करतो.

पण तुझं प्रकरण त्यात बसत नाही. मी कागद शांतपणे वाचलेत. रविवारची दुपार, वर्कशॉप बंद, आत तू आणि जोडीदार दोघंच. गाडीला रंगाचा दुसरा हात दिला की नाही यावरून भांडण. अकरा वर्षं धंद्यातला जोडीदार तो, आपल्या घरचाच माणूस. तू रागाच्या भरात एक धक्का दिलास, तो गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात पडला आणि डोकं लोखंडावर आपटलं. तू घाबरून बाहेर पडलास, रस्त्यांवरून भरकटत राहिलास, पन्नास मिनिटांनी भानावर येऊन परत गेलास आणि रुग्णवाहिकेला फोन केलास. दवाखान्यात तो गेला. तू गुन्हा कबूल केलास. असं तू कोर्टात सांगितलंस आणि असंच नोंदीवर आहे. वरचं कोर्ट नोंदीवरचं वाचतं, बाकी जगात काय घडलं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. हत्यार उचललं नाही, आधीचा गुन्हा नाही, पळून गेला नाही, अशा माणसाला दोन वर्षं पुष्कळ झाली. चारची दोन करून आणतो. तू फक्त सही कर.

जास्त लिहीत नाही. तुमच्याकडचे बाबू पत्रं उघडून वाचतात, हे मला ठाऊक आहे.

तुझे बाबा

सुरू १०.०५, संपले १०.४०

(हसू नकोस. ऑफिसात प्रत्येक कागदाच्या तळाशी वेळ घालावी लागायची, ती सवय बोटांत राहिलीय. किराणाच्या यादीखालीही घालतो म्हणून तुझी आई माझी टर उडवते.)


१९ ऑगस्ट, मंगळवार

भुंग्या,

सही केलीस. आईने रडून करवली, माझ्यासाठी केली नाहीस, सगळं समजतं मला. तरी केलीस ना, झालं तर मग.

भेटीच्या खोलीत जाळीपलीकडून तू आईशी वीस मिनिटं बोललास. तिचे गुडघे, शेजारच्यांचं मांजर, तुमच्याकडचा गळका नळ, सगळं झालं. मी शेजारच्या स्टुलावर बसलेला, जसा काही कोणी टपालवाला. मला काय म्हणालास, तर ‘बाबा, चष्म्याची काडी तुटलीय तुमची.’ दीड वर्षात मुलगा बापाशी बोलला तो चष्म्याच्या काडीबद्दल. घरी येऊन दोरा बांधला.

निघताना मात्र बोललास. ‘वरच्या कोर्टात ते सगळं परत उकरतील. नको होतं हे.’ मी म्हणालो, गुन्हा कबूल आहे, अपील फक्त शिक्षेपुरतं आहे, उकरायला उरलंय काय? तू माझ्याकडे पाहून हसलास. ते हसू मला आवडलं नाही. बापाकडे बघून कोणी असं हसतं का?

वकीलबाईंनीही मला व्हरांड्यात गाठून बजावलं. म्हणाल्या, ‘काका, हे दार दोन्ही बाजूंनी उघडतं. तुम्ही शिक्षा कमी करा म्हणून जाल, आणि कागद वाचून त्यांना वाटलं की मुळातच कमी दिलीय, तर वाढवायची नोटीस काढतील.’ मी म्हणालो, बाई, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी त्या नोटिसा टाइप करतोय. चौतीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या असतील. कुठे खुनाच्या प्रयत्नाला तीन महिने दिले होते, कुठे चिमुरड्याला चटके देणाऱ्याला दंडावर सोडला होता. तुझ्यासारख्या पोरासाठी कोण काढतोय नोटीस? नव्या वकिलांचं असंच असतं, कायदा पाठ असतो पण कोर्ट ठाऊक नसतं.

कोर्टात गेलो तर दारावरच्या शिपायाने उठून सलाम केला. ‘टकटक काका आले,’ म्हणून आत वर्दी गेली. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता मोठ्या साहेबांकडे आहे. तिने चहा पाजला. अजून ओळखतात मला तिथे.

तुझे बाबा

सुरू ९.३०, संपले १०.१०


११ नोव्हेंबर, मंगळवार

भुंग्या,

वकीलबाईंनी तुला सांगितलंच असेल. नोटीस निघाली. शिक्षा का वाढवू नये याचं उत्तर द्यायला आपल्याला जानेवारीपर्यंत मुदत आहे.

काय झालं ते सांगतो, कारण मी तिथे होतो. वकीलबाई चांगलं बोलत होत्या. एकच धक्का, क्षणाचा राग, सगळं अगदी मी सांगितलेल्या क्रमाने. मोठे साहेब ऐकत होते, पानं उलटत होते. एकशे बाराव्या पानावर थांबले. तिथे डॉक्टरांची साक्ष आहे. ‘जखमीला अर्ध्या तासाच्या आत आणले असते तर तो वाचण्याची बरीच शक्यता होती.’ साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, ‘पन्नास मिनिटं अपीलकर्ता होता कुठे?’ बाई म्हणाल्या, घाबरून रस्त्यावर फिरत होता. साहेब म्हणाले, ‘आणि फोन खिशातच होता ना?’

साहेबांनी दुसऱ्या साहेबांच्या कानात काही सांगितलं आणि तिथल्या तिथे नोटीस. कारण असं की एक माणूस समोर मरतोय हे ठाऊक असून पन्नास मिनिटं मदत न बोलावणं, हे खालच्या कोर्टाने शिक्षा ठरवताना विचारातच घेतलेलं दिसत नाही. म्हणजे धक्क्याची शिक्षा झाली, त्या वेळेची झालीच नाही. कायद्याने बरोबर आहे त्यांचं. मी असे निकाल कितीतरी बडवलेत.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती, हात थांबला. म्हणाली, ‘पण फिरत कुठे होता हो तो? वर्कशॉप आपल्यापासून दोन गल्ल्यांवर. एवढा घाबरला होता तर घरी का नाही आला? मी नव्हते, ताईकडे होते, पण तुम्ही तर घरी होतात.’ मी म्हणालो, घाबरलेल्या माणसाला दिशा कळतात का? ती माझ्याकडे बघत राहिली. मी उठून पंखा बंद केला. पंखा चालू नव्हताच.

तुझा निरोप आला. ‘बाबांना सांगा, गप्प बसायचं. मी रस्त्यावरच होतो.’ वकीलबाईंनी तो जसाच्या तसा सांगितला. त्यांना त्याचा अर्थ लागला नाही, मला लागला.

बाबू वाचतात. थांबतो.

बाबा

सुरू ८.५०, संपले १०.३५. मध्ये दोनदा उठलो होतो.


२० जानेवारी, मंगळवार

भुंग्या,

काल सुनावणी झाली. सुरुवातीला तू मला पाहिलंस की नाही कोण जाणे. मी तिसऱ्या बाकावर होतो, मांडीवर पिशवी, पिशवीत पाकीट. पाकिटात काय होतं ते तू ओळखलं असशील. मी घरातून निघालो तेव्हा ते साहेबांपुढे ठेवायचं असं पक्कं ठरवून निघालो होतो. आईची शपथ घेऊन सांगतो.

पहिल्या बाकावर जोडीदाराची बायको बसली होती. वाळली आहे फार. मागे वळून पाहिलं तिने, मला ओळखलं आणि नमस्कार केला. मला! तिला वाटतं, हे बिचारे सज्जन गृहस्थ, मुलाने नाव घालवलं यांचं. मीही हात जोडले. काय करणार होतो?

सरकारी वकिलांचं झालं, आपल्या बाईंचं झालं. मग मोठ्या साहेबांनी तुला थेट विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी. ‘त्या पन्नास मिनिटांबद्दल नोंदीवर नाही असं काही सांगायचं आहे का? सांगायचं असेल तर आज सांगा.’ तू मान हलवलीस, नाही म्हणून. आणि त्याच वेळी माझ्याकडे पाहिलंस.

मी उठलो नाही.

गुडघे दुखत होते, गर्दी होती, साहेबांना मध्येच कसं थांबवायचं, असलं काहीबाही रात्रभर स्वतःला सांगत होतो. सगळं खोटं. मला भीती वाटली. दारावरचा तो शिपाई, ती चहा पाजणारी मुलगी, ‘टकटक काका’ म्हणणारे सगळे त्या खोलीत होते. त्यांच्यादेखत उभं राहायचं आणि सांगायचं, हे माझ्याने झालं नाही. माझा मुलगा पिंजऱ्यात उभा होता आणि मी माझी अब्रू पिशवीत घालून मूग गिळून बसलो होतो. लाज वाटते रे.

तू मान हलवलीस म्हणून मी बसलो, असं मी म्हणणार नाही. तेवढं तरी खोटं लिहीत नाही.

बाबा

सुरू ११.००, संपले ११.४५


९ फेब्रुवारी, सोमवार

भुंग्या,

सात.

निकालपत्राची प्रत शुक्रवारी हातात आली. माझ्याच मुलीने टाइप केलंय, म्हणजे माझ्या हाताखालच्या. स्वच्छ काम आहे, एक खाडाखोड नाही. चारची सात वर्षं, कारण ‘दिलेली शिक्षा गुन्ह्याच्या गांभीर्याच्या मानाने इतकी अपुरी आहे की हस्तक्षेप करणे भाग आहे.’ आणि नवव्या पानावर हे. ‘त्या पन्नास मिनिटांत अपीलकर्त्याने काय केले हे नोंदीवर आलेले नाही. त्याने त्याबद्दल मौन पाळले. त्या मौनातून पश्चात्ताप दिसत नाही.’

बाबूसाहेब, तुम्ही हे वाचताय ना? नमस्कार. आज सावकाश वाचा आणि हे पत्र फाडू नका, लागेल. जे नोंदीवर आलेलं नाही ते मी लिहितो.

माझा मुलगा रस्त्यावर फिरत नव्हता. तो पळत घरी आला, चार चाळीसला. चपला न काढता आत आला. म्हणाला, ‘बाबा, तो खड्ड्यात पडलाय, श्वास चालू आहे, फोनवर काय बोलायचं मला सुचत नाहीये, तुम्ही फोन करा.’ मी म्हणालो, बस. पाणी पी. कोणी पाहिलं का?

मग मी टाइपरायटरवरचं कापड काढलं.

चौतीस वर्षं मी बघत आलो होतो, भुंग्या. माणूस घाबरून फोनवर पहिल्यांदा काहीतरी बरळतो, ‘मी मारलं’, ‘माझ्या हातून मेला’, आणि ते एक वाक्य शेवटच्या कोर्टापर्यंत त्याच्या मानगुटीवर बसतं. म्हणून म्हटलं, आधी तुझा जबाब नीट लिहून काढू. मग तू फोन कर आणि लिहिलंय तेवढंच बोल. कागद चढवला. कार्बन घातला. समास सोडला. मी समास सोडत होतो आणि तो तिथे खड्ड्यात होता. ‘भांडण कोणी सुरू केलं? त्याने आधी हात उचलला का? आठव.’ तू म्हणालास, फोन करू या. मी म्हणालो, हो, करायचाच आहे. एक अक्षर चुकलं तर मी अख्खा कागद काढून नवा घेतला. तू परत म्हणालास. तिसऱ्यांदा तू उठून दारापर्यंत गेलास, कडीला हात लावलास. मी मान वर न करता म्हणालो, ‘एवढा परिच्छेद होऊ दे.’

आणि तू बसलास. अडतीस वर्षांचा घोडा, बापाच्या एका वाक्यावर खुर्चीत बसलास. बाबा टाइप करत असताना कोणी बोलायचं नाही, असा नियम होता ना आपल्या घरात, तू दुपट्यात होतास तेव्हापासूनचा. तो नियम मीच केला होता.

झाल्यावर मी म्हणालो, इथून फोन नको, तिकडे जाऊन कर, मला यात आणू नकोस, म्हणजे बाहेरून मी तुझी मदत करू शकेन. पाच पंचविसाला तू वर्कशॉपमधून फोन केलास. लिहून दिलेल्यातलं एक अक्षर बोलला नाहीस. नुसतं ‘लवकर या, लवकर या’ म्हणत राहिलास, ते कोर्टात ऐकवलं त्यांनी.

तो गेल्याचं कळलं तेव्हा वरचा कागद मी न्हाणीघरात जाळला. कार्बनची प्रत राहिली. फाइलप्रत ठेवायचीच, ही दुसरी सवय. तळाशी माझ्याच हातची वेळ आहे. सुरू ४.४५, संपले ५.२०. डॉक्टरांचा अर्धा तास यात गेला. सुनावणीच्या दिवशी पिशवीत होतं ते हेच.

म्हणजे धक्का तुझा आणि पन्नास मिनिटं माझी. शिक्षा मात्र दोन्हींची तुला. लोकांच्या शिक्षा पुऱ्या की अपुऱ्या ते मी उभा जन्म बडवत आलो. आता माझी किती व्हायला हवी, ते मला ठरवता येत नाही.

काल तुझ्या आईला कार्बन वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, ‘म्हणजे तो घरी आला होता.’ एवढंच. मग आतल्या खोलीत गेली. ताट वाढून ठेवते, पण बोलत नाही.

बाबा


१६ फेब्रुवारी, सोमवार

भुंग्या,

हे हाताने लिहितोय. अक्षर लागत नसेल तर बाबूसाहेबांना विचार, त्यांना सवय झाली असेल. टाइपरायटर चादरीत बांधून दाराशी ठेवलाय. पोलीस म्हणतील, याच यंत्रावरचं कशावरून? तेव्हा ते दाखवायला लागेल. कार्बन आईच्या पर्समध्ये आहे. माझ्या पिशवीवर तिचा भरवसा नाही, आणि बरोबरच आहे.

वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कार्बन दोनदा वाचला. मग म्हणाल्या, ‘काका, सर्वांत वरच्या कोर्टात जायला मुदत आहे अजून. पण हे नवं म्हणून ते ऐकतील की नाही, मी सांगू शकत नाही. ऐकलं तरी म्हणतील, बाप म्हणाला म्हणून अडतीस वर्षांचा माणूस बसून राहतो का? सातची चार होतील असा शब्द मी देत नाही. तुमच्यावर मात्र गुन्हा दाखल होईल, तो नक्की.’ या वेळी मी त्यांना कोर्ट शिकवायला गेलो नाही. बरं म्हणालो.

तुझा निरोप मिळाला. ‘बाबांना सांगा, नको. आईला कोण बघेल?’ तुझी आई म्हणाली, मी काय शेळी आहे का, मला राखायला? बऱ्याच दिवसांनी बोलली, तीही मला उद्देशून नाही. तेव्हा तुझं या वेळी ऐकत नाही. ज्या दिवशी ऐकायचं होतं त्या दिवशी ऐकलं नाही.

मी म्हणालो होतो, थेट चौकीवर जाऊ. आई म्हणाली, ‘आधी तिच्याकडे. जोडीदाराच्या बायकोला पोलिसांकडून कळता कामा नये. तिने तुम्हाला नमस्कार केलाय, तो परत करा.’ त्या दाराशी उभं राहून काय बोलायचं, हे मी चार दिवस लिहून बघतोय. नऊ कागद झाले. एकही धड नाही.

आई चपला घालून दारात उभी आहे. ‘चला’ म्हणून एकदा हाक मारली तिने. मी काय म्हणणार होतो ते तुला ठाऊक आहे, अगदी ओठांवर आलं होतं. तिने माझ्याकडे फक्त बघितलं. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, तो अर्ज कुठल्या कोर्टात चालेल असं मला वाटत नाही. एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी तू दाराशी कडीला हात लावून उभा होतास तेव्हा मी जर मान वर करून